पेकिंगच्या वेशीवरील पाहुणे

कोणत्याही राजधानीचे दर्शन दोन मार्गांनी घेता येते. राजांनी काय बांधले हे पाहत जाणे हा पहिला मार्ग. राजांच्या दारी आलेल्या पाहुण्यांनी मागे काय ठेवले याचा शोध घेणे हा दुसरा. चीनची राजधानी बीजिंग, म्हणजे जुन्या पिढीच्या तोंडी बसलेले पेकिंग, पाहावयास जाणारे बहुतेक प्रवासी पहिल्या मार्गाने जातात आणि त्यात वावगे काही नाही. १४०६ ते १४२० या काळात मिंग सम्राटाने उभारलेला राजवाडा, त्याच्या पुढ्यातील थियेनआनमेनचे अफाट पटांगण, दक्षिणेकडील थियेनथान हे स्वर्गमंदिर आणि शहराबाहेर डोंगरांच्या पाठीवरून गेलेली ती प्रचंड भिंत, हे सारे पाहावेच. या नगराची उत्तर-दक्षिण मध्यरेषा २०२४ साली युनेस्कोने जागतिक वारशात समाविष्ट केली, तीही उचितच गोष्ट झाली. परंतु दुसऱ्या मार्गानेही एखादा दिवस चालून पाहावे. त्याच मार्गाने आम्ही आज वाचकांना घेऊन जाऊ इच्छितो.

जुन्या पेकिंगभोवती भक्कम तट होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो जवळजवळ सगळा पाडण्यात आला आणि त्याच्या रेषेवरून आज भुयारी रेल्वेचा दोन क्रमांकाचा वर्तुळाकार मार्ग धावतो. चिनी भाषेत ‘मेन’ म्हणजे वेस. वेशी गेल्या, पण त्यांची नावे स्थानकांना चिकटून राहिली. आपल्याला तीन ठिकाणी उतरायचे आहे: दक्षिणेस श्वानवूमेन, पूर्वेस च्येनग्वोमेन आणि पश्चिमेस फूछेंगमेन.

श्वानवूमेनपाशी करड्या विटांचे एक चर्च उभे आहे. लोक त्याला ‘नानथांग’, म्हणजे दक्षिणेचे मंदिर म्हणतात. निष्कलंक गर्भसंभवाच्या पवित्र मातेला वाहिलेले हे बीजिंगचे कॅथेड्रल. आजची इमारत १९०४ सालची असली, तरी जागेचा इतिहास तीनशे वर्षे मागे जातो. १६०५ साली येथे येशूसंघाचे इटालियन धर्मगुरू मातेओ रिची यांनी घर घेतले आणि शेजारी एक लहानसे प्रार्थनास्थळ केले.

रिचींच्या चीनप्रवासाचा रस्ता आपल्या दारावरून गेला होता. १५५२ साली माचेराता गावी जन्मलेला हा तरुण रोममध्ये क्लाव्हिउस या थोर गणितज्ञाच्या हाताखाली शिकला आणि सप्टेंबर १५७८ मध्ये गोव्याच्या बंदरात उतरला. गोवा आणि कोची येथे त्याने अध्यापन केले. १५८० साली कोची येथेच त्याला गुरुदीक्षा मिळाली. त्या काळी गोव्याच्या सेंट पॉल विद्यालयात हिंदी विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांचे पुरते शिक्षण देऊ नये, अन्यथा ते गर्विष्ठ होतील, असा विचार बळावला होता. १५८१ साली रिचींनी रोमला आपल्या संघप्रमुखांना पत्र लिहून या विचाराला हरकत घेतली. शिक्षणाने गर्व येतो म्हणावे तर तो युरोपातील विद्यार्थ्यांनाही येईल, मग बंदी यांनाच का, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढच्याच वर्षी ते मकावकडे निघाले. चीनमध्ये त्यांनी जे केले त्याचे बीज आम्हाला या पत्रात दिसते. समोरचा माणूस आपल्या तोडीचा आहे, ही त्यांची धारणा हिंदुस्थानातच पक्की झालेली होती.

चिनी भाषा आणि तेथील प्राचीन ग्रंथ यांचा अभ्यास करण्यात त्यांनी जवळजवळ वीस वर्षे घालविली. प्रारंभी बौद्ध भिक्षूंचा आणि पुढे कन्फ्युशिअसपंथीय विद्वानांचा वेश त्यांनी धारण केला. जानेवारी १६०१ मध्ये त्यांना राजधानीत प्रवेश मिळाला, तेव्हा सम्राट वान्लीसाठी आणलेल्या नजराण्यात पवित्र मातेचे चित्र, एक तंतुवाद्य आणि आपोआप टोले देणारी घड्याळे होती. सम्राटाने त्यांना समोर कधीच बोलाविले नाही. रिकाम्या सिंहासनापुढे वंदन करून त्यांना परतावे लागले. मात्र घड्याळे नीट ठेवण्यासाठी या परदेशी मंडळींची गरज भासू लागली आणि त्यांचे वास्तव्य कायम झाले. राजवाड्यातील वस्तुसंग्रहालयात घड्याळांचे स्वतंत्र दालन आहे. तेथील बहुतेक घड्याळे नंतरच्या काळातील असली, तरी ती पाहताना या पहिल्या घड्याळांची आठवण ठेवावी.

याच नगरात शू ग्वांगची या विद्वान अधिकाऱ्याच्या सोबतीने रिचींनी युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा भाग चिनीत आणले. तो ग्रंथ १६०७ साली छापला गेला. भूमितीसाठी त्यांनी योजलेला ‘चीहे’ हा शब्द आजही चिनी शाळांतून रूढ आहे. देवासाठी त्यांनी ‘थियेनचू’, म्हणजे स्वर्गाचा स्वामी, हा शब्द स्वीकारला. त्याचबरोबर चिनी प्राचीन ग्रंथांतील ‘शांगती’, म्हणजे सर्वश्रेष्ठ अधिपती, हे नावही त्यांनी त्याच अर्थाने मानले. स्वर्गमंदिरात सम्राट याच नावाच्या पाटीपुढे वार्षिक यज्ञ करीत असे. मराठी वाचकाला येथे फादर थॉमस स्टीफन्स आठवल्यावाचून राहणार नाहीत. तेही १५७९ साली, म्हणजे रिची हिंदुस्थानात असतानाच, गोव्यास उतरले होते. आणि ‘ख्रिस्तपुराण’ रचताना त्यांनी स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द निःसंकोच वापरला. परक्याच्या भाषेतील पवित्र शब्द उसना घ्यावा की नवा घडवावा, हा प्रश्न त्या दोघांनी आपापल्या भूमीत जवळजवळ एकाच उत्तराने सोडविला.

आता पूर्वेकडे च्येनग्वोमेनला जाऊ. येथे वाहत्या हमरस्त्याच्या कडेला विटांचा एक उंच चौथरा दिसतो आणि त्यावर उघड्या आकाशाखाली काशाची आठ अवजड यंत्रे. ही १४४२ साली बांधलेली वेधशाळा होय. चीनमध्ये पंचांग हा राज्याच्या जिवाचा विषय होता. ग्रहणाचे भाकीत चुकले तर सम्राटाच्या अधिकारालाच बाधा येई. त्यामुळे पंचांग बिनचूक करू शकणारा माणूस दरबाराला मोलाचा वाटे. कोलोनचे फादर आदाम शाल यांच्याकडे १६४४ नंतर, नव्या छिंग राजवटीत, या खात्याची सूत्रे आली. तरुण सम्राट शून्झी त्यांना आदराने ‘आजोबा’ म्हणे. नानथांगचे पहिले मोठे चर्च १६५० साली त्यांनीच बांधावयास घेतले.

पण दरबारातील मानमरातब आणि मरण यांत अंतर फार थोडे असते. १६६४ साली एका विरोधकाने त्यांच्यावर राजद्रोहाचे आणि चुकीच्या शास्त्राचे आरोप ठेविले. पक्षाघाताने वाचा गेलेल्या शाल यांच्या वतीने फ्लेमिश फादर फर्डिनांड फर्बीस्ट यांना बोलावे लागले. १६६५ साली शाल यांना देहाचे तुकडे करण्याची शिक्षा झाली. तोच राजधानीला भूकंपाचा धक्का बसला, दरबाराने तो कोप मानला आणि त्यांचे प्राण वाचले. त्यांच्या हाताखालील पाच चिनी ख्रिस्ती ज्योतिषी मात्र वाचले नाहीत. त्यांचा शिरच्छेद झाला. इतिहास सांगताना या पाचांचा उल्लेख एखाद्या ओळीत उरकला जातो, परंतु पाहुण्यांना आसरा देण्याची किंमत कोणी मोजली हे त्यांच्यावरून कळते. शाल १६६६ साली वारले. डिसेंबर १६६८ मध्ये चौदा वर्षांच्या सम्राट कांग्शीने वादाचा निकाल प्रयोगाने लावण्याचे ठरविले: माध्यान्ही खुंटाची सावली कोठवर पडेल ते आधी सांगावे. फर्बीस्ट यांचे उत्तर बरोबर ठरले. शाल यांची अप्रतिष्ठा दूर झाली आणि १६७३ पर्यंत फर्बीस्ट यांनी सहा नवी यंत्रे ओतवून घेतली. उरलेली दोन अठराव्या शतकातील आहेत. यंत्रांचे गणित युरोपचे आहे, तर त्यांना तोलून धरणारे नाग-ड्रॅगन चिनी कारागिरांच्या हातचे आहेत. दोन संस्कृतींनी मिळून केलेले काम इतके उघड क्वचितच पाहावयास मिळते.

ही मैत्री टिकली नाही. तिला पहिला तडा आतून गेला. पूर्वजांच्या पाटीपुढे उदबत्ती लावणे, कन्फ्युशिअसला मान देणे या गोष्टी ख्रिस्ती माणसाने कराव्यात काय, यावर धर्मप्रचारकांतच तीव्र मतभेद होते. विरोध करणाऱ्यांचा हेतू श्रद्धेच्या शुद्धतेचा होता, हेही मान्य केले पाहिजे. रोमने १७१५ साली आणि अखेर १७४२ साली या रीतींना मनाई केली. कांग्शी दुखावला; १७२४ साली त्याच्या पुत्राने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. १९३९ साली रोमने ती मनाई बरीचशी उठविली, परंतु मधली दोन शतके परत आली नाहीत. बंदीच्या काळातही कलावंत आणि शास्त्रज्ञ म्हणून काही धर्मप्रचारक दरबारी राहिले. त्यांपैकी जुझेप्पे कास्तिलिओने या येशूसंघीय चित्रकाराने शहराच्या वायव्येस युआनमिंगयुआन उद्यानातील संगमरवरी युरोपीय महालांचे आराखडे केले.

दुसरा तडा बाहेरून आला आणि तो तोफांचा होता. १८६० साली इंग्रज व फ्रेंच फौजांनी ते उद्यान लुटून जाळले. त्या फौजेत हिंदुस्थानातून नेलेल्या पलटणीही होत्या. कास्तिलिओनेंच्या महालांचे भग्न खांब आज तेथे उभे आहेत. शस्त्रांच्या बळावर झालेल्या तहांमुळे चर्चच्या जागा परत मिळाल्या, नवी मंदिरे उठली. पण धर्म आणि परकी सत्ता यांची जोडगोळी लोकांच्या मनात घट्ट बसली. १९०० सालच्या बॉक्सर बंडात त्याचा स्फोट झाला. नानथांग जाळले गेले, गजबजलेल्या वांगफूचिंग पेठेतील तुंगथांग जाळले गेले. उत्तरेच्या पेइथांग चर्चमध्ये तीन हजारांहून अधिक माणसे, बहुतांश चिनी ख्रिस्ती बायकामुले, दोन महिने वेढ्यात अडकली. अनेक जण उपासमारीने आणि सुरुंगाच्या स्फोटांत गेले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली संतपदी बसविलेल्या चीनच्या १२० रक्तसाक्ष्यांपैकी पुष्कळ जण याच बंडातील आहेत, आणि त्या १२० पैकी ८७ चिनी आहेत.

वेढा उठविणाऱ्या फौजांनीही नगर लुटले. वेधशाळेची यंत्रे जर्मन आणि फ्रेंच यांनी वाटून घेतली. फ्रेंचांनी आपला वाटा लवकर परत केला. जर्मनांनी पाच यंत्रे पॉट्सडामच्या राजोद्यानात नेऊन मांडली. ती परत द्यावीत यासाठी १९१९ च्या व्हर्साय तहात १३१ वे कलम घालावे लागले आणि १९२१ साली ती स्वगृही आली. ज्ञानाची देवघेव म्हणून ओतलेली यंत्रे लुटीचा माल ठरावीत, याहून मोठा उपहास तो कोणता?

शेवटचा थांबा पश्चिमेचा. फूछेंगमेनच्या पलीकडे, झाडांच्या सावलीत, झालान नावाची दफनभूमी आहे. ११ मे १६१० रोजी रिची वारले, तेव्हा परदेशी धर्मगुरूंचे मृतदेह मकावला नेण्याची रीत होती. त्यांच्या सहकाऱ्यांनी सम्राटाकडे विनंती केली आणि वान्लीने वेशीबाहेरची एक जप्त केलेली वास्तू या कबरीसाठी दिली. ज्याला त्याने जिवंतपणी दर्शन दिले नाही, त्याला मेल्यावर आपल्या मातीत जागा दिली. रिची, शाल आणि फर्बीस्ट यांच्या शिळा शेजारी शेजारी आहेत. लगतच्या अंगणात आणखी साठ आहेत, त्यांत कास्तिलिओने आणि कितीतरी चिनी धर्मगुरू आहेत. शिळेच्या माथ्यावर ड्रॅगन कोरलेले, खाली एका बाजूस चिनी आणि दुसऱ्या बाजूस लॅटिन अक्षरे.

१९०० साली बंडवाल्यांनी या कबरी उकरून अस्थी उधळल्या आणि शिळा फोडल्या. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, १९६६ साली, शिळा पुन्हा पाडल्या गेल्या. त्या जमिनीत पुरल्या गेल्या म्हणूनच वाचल्या. १९७८ नंतर सरकारनेच त्या वर काढून सांधल्या. ही जागा आज कम्युनिस्ट पक्षाच्या अधिकाऱ्यांना शिक्षण देणाऱ्या संस्थेच्या आवारात आहे, म्हणून भेटीसाठी आधी परवानगी काढावी लागते. २००६ पासून तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकाचा दर्जा आहे. देव न मानणाऱ्या राज्यसंस्थेने एका धर्मगुरूची कबर जपावी, याचे कारण आम्हाला साधे वाटते. रिची चिनी लोकांना शिकविण्यापूर्वी त्यांच्याकडून शिकले, आणि ही गोष्ट चीन विसरलेला नाही. पोप फ्रान्सिस यांनी १७ डिसेंबर २०२२ रोजी त्यांच्या सद्गुणांना मान्यता दिली. संतपदाच्या वाटेवरील ती एक पायरी होय.

राजवाडा पाहून माणूस राजांच्या सामर्थ्याने दिपतो. झालानच्या शिळांवरील सांधे पाहून त्याने आपल्या घराचा विचार करावा. आपलीही श्रद्धा कधीकाळी परदेशी गलबतांतून आली. तिच्यासोबत स्टीफन्ससारखे शिकणारेही आले आणि सत्ता गाजविणारेही आले. त्यांतील कोणाचे शब्द आपल्या आयाबहिणींच्या ओठी राहिले, हे आपण जाणतोच. बीजिंगला जाणाऱ्याने दोन नंबरच्या गाडीचे तिकीट काढावे आणि पश्चिमेच्या वेशीपाशी उतरून थोडा वेळ त्या झाडांखाली उभे राहावे.