जुन्या मालिका परत येतात तेव्हा



संयोजकांनी आम्हाला विषय दिला तो असा: जुन्या गाजलेल्या मालिका आजच्या प्रेक्षकाला चालतील का? आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला प्रश्न दिला की तो उत्तराआधी प्रश्नाचीच झडती घेतो. ही खोड आता या वयात सुटायची नाही. तेव्हा 'चालतील का' हे जरा बाजूला ठेवू आणि आधी विचारू, की मालिका परत आली असं आपण म्हणतो तेव्हा परत येतं ते काय? जुनी फीत, जुनी गोष्ट, की या दोन्हींच्या भोवतीचं आणखी काही?

सुरुवात इथूनच, या बुधवार पेठेतून करू. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. पुण्याला ते दिसायला लागलं पुढच्या वर्षी, सिंहगडावर सहक्षेपण केंद्र झालं तेव्हा. त्यामुळे पुण्यातल्या झाडून सगळ्या अँटेना एकाच दिशेला, सिंहगडाकडे तोंड करून उभ्या असत. वारा सुटला की अँटेना फिरायची. मग एक पोरगा कौलांवर, एक जिन्यात, एक संचापुढे अशी साखळी लागायची. 'आलं का?' 'गेलं!' 'मागं घे, मागं घे, थोडं मागं!' तापकीर गल्ली इथून हाकेच्या अंतरावर आहे. तिथून आणलेली वायर आणि बूस्टर ही तेव्हा घरातली मौल्यवान वस्तू असायची.

आम्ही राहत होतो त्या वाड्यात संच एकच होता, मालकांचा. पोरं पुढे सतरंजीवर, बायका उंबऱ्याशी, आम्ही तरुण मंडळी मागे भिंतीला टेकून. भाड्यावरून मालकांशी ज्यांचं बोलणं बंद होतं, तेही त्या अर्ध्या तासापुरते येऊन बसत आणि मालकही त्यांना 'या' म्हणत. कारण 'चिमणराव' लागलेला असायचा. चिं. वि. जोशींच्या कथा, दिग्दर्शन विजया जोगळेकरांचं, चिमणराव दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ बाळ कर्वे. सगळं कृष्णधवल. सेट म्हणाल तर भिंत हलते की काय असं वाटावं इतका साधा. पण आपल्या बोलीतलं, आपल्यासारख्याच घरातलं काही त्या पेटीत दिसतंय याचंच अप्रूप केवढं होतं!

आता यात एक गंमत आहे. जिला आपण मराठी छोट्या पडद्याचा आरंभ म्हणतो, ती मालिका स्वतःच एक पुनरागमन होती. 'चिमणरावांचे चऱ्हाट' हे पुस्तक १९३०च्या दशकातलं. १९४०मध्ये मास्टर विनायकांनी 'लग्न पहावे करून' हा चित्रपट काढला, त्यात दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग ही जोडी होती. वाड्यात आमच्या शेजारी बसणारे एक वयस्क गृहस्थ दर आठवड्याला न चुकता म्हणायचे, 'दामुअण्णांची सर नाही हो याला.' आम्हाला राग यायचा. आज आम्ही नव्या मालिकांबद्दल जे बोलतो ते ऐकून कुणा तरुणाला तसाच राग येत असणार.

गोष्ट परत आणण्याची आपल्याला सवय नाही असं मुळीच नाही. ३१ ऑक्टोबर १८८०ला याच पेठेत, आनंदोद्भव नाट्यगृहात, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला. दोन वर्षांनी 'सौभद्र' आलं. ते आजही होतं. सुभद्रा कधी भाऊराव कोल्हटकर होते, कधी बालगंधर्व, आणि पुढे स्त्रियाच सुभद्रा झाल्या. रात्रभर चालणारं नाटक तीन तासांवर आलं, पदं गळाली, चाली थोड्या इकडच्या तिकडे झाल्या. तरी आपण त्याला 'सौभद्र'च म्हणतो. अलीकडचं उदाहरण हवं असेल तर २०१०च्या सुमारास सुनील बर्वे यांनी 'सुबक'तर्फे 'हर्बेरियम' नावाचा उपक्रम केला होता. 'सूर्याची पिल्ले', 'हमीदाबाईची कोठी', 'झोपी गेलेला जागा झाला' अशी जुनी नाटकं घ्यायची, नव्या संचात बसवायची आणि प्रत्येकाचे पंचवीसच प्रयोग करायचे. लोकांनी ते उचलून धरलं. पंचवीसच, हा त्यातला शहाणपणा. पाहुणा चार दिवसांसाठी आला की त्याचं कौतुक होतं.

मिलिंदपञ्हात राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा एक संवाद आहे. रात्रभर दिवा जळतो. पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच का? एकच म्हणता येत नाही आणि वेगळीही म्हणता येत नाही. नाटक असं आहे. प्रयोगागणिक ते नवं पेटतं. मालिकेचं मात्र अवघड आहे. नाटकाची संहिता छापून राहते, प्रयोग विरून जातात, आणि पुढच्या पिढीला संहितेवरून पुन्हा ज्योत लावता येते. मालिकेत उलटं. तिथे संहिता कुणी छापत नाही, रद्दीत जाते. उरते ती फीत, म्हणजे एकदाच झालेला प्रयोग. म्हणून मालिका परत आणण्याच्या वाटा दोनच: तीच फीत पुन्हा दाखवा, नाहीतर सगळं नव्यानं करा. या दोन वाटांचं नशीब अगदी वेगळं आहे.

पहिली वाट. २७ मार्च २०२०ला तेव्हाचे माहिती-प्रसारण मंत्री प्रकाश जावडेकर, आपल्या पुण्याचेच, यांनी जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी नऊ आणि रात्री नऊला दूरदर्शनवर रामानंद सागरांचं 'रामायण' लागलं. मूळचं ते जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ मधलं. १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिला असं दूरदर्शननं सांगितलं आणि त्याला जागतिक विक्रम म्हटलं. विक्रम होता की नाही यावर वाद झाला. अमेरिकेत 'मॅश'चा शेवटचा भाग १९८३मध्ये दहा कोटींहून जास्त लोकांनी पाहिला होता, हे लोकांनी लगेच दाखवून दिलं. आकडा सोडा. तेहतीस वर्षांपूर्वीच्या, आजच्या मानानं संथ, बाण हवेत थांबून एकमेकांकडे बघत राहतात अशा मालिकेला इतके लोक का बसले?

भक्ती म्हणाल तर ती २०१९मध्येही होतीच की. आमचं मत असं, की तेव्हा फीत परत आली तशी तिची वेळही परत आली. शूटिंगं बंद, नवं काही नाही, सगळं घर एका छपराखाली, बाहेर जाता येत नाही, आणि सकाळी नऊ म्हणजे सर्वांचीच सकाळी नऊ. १९८७च्या रविवारी सकाळी लक्ष्मी रस्ता ओस पडायचा, २०२०मध्ये तो आधीच ओस होता. वाड्याच्या माजघरात होतं ते सगळं एका महामारीनं काही आठवडे परत आणून दिलं: एकच वाहिनी, एकच तास आणि उठून जायला जागा नाही. जुलैमध्ये नवे भाग सुरू झाले आणि घरातला जो तो आपापल्या मोबाइलकडे परत गेला. तो तास पुन्हा गेला.

दुसरी वाट नव्यानं करण्याची. २००८मध्ये 'कहानी हमारे महाभारत की' मोठ्या थाटात आली आणि काही महिन्यांत गुंडाळली गेली. मराठीत 'अग्निहोत्र' घ्या. स्टार प्रवाह सुरू झाली तेव्हाची ही मालिका, वाडा, कुटुंब आणि आठ गणपतींचं रहस्य. लोक आजही तिची आठवण काढतात. २०१९च्या डिसेंबरात 'अग्निहोत्र २' आली, थोड्याच महिन्यांत संपली. 'दिल दोस्ती दुनियादारी' तरुण मुलांमध्ये खूप चालली होती. तेच कलाकार घेऊन २०१७मध्ये 'दिल दोस्ती दोबारा' केली, ती त्या उंचीला गेली नाही. चांगली माणसं, चांगली नटमंडळी, हेतूही चांगला. पण पाहणाऱ्याच्या मनात पहिलीची आठवण बसलेली, आणि आठवणीशी स्पर्धा कोण जिंकणार? आमच्या त्या शेजाऱ्यांचे दामुअण्णा कुणाला हरवता आले असते?

याला एक सणसणीत अपवाद आहे, आणि त्यावरून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. 'रात्रीस खेळ चाले', २०१६. कोकणातलं नाईकांचं घर, आणि मालिका सुरू होते तीच अण्णा नाईकांच्या मृत्यूनं. २०१९मध्ये दुसरा भाग केला तो पुढे न जाता मागे गेला. मेलेला अण्णा जिवंत केला, त्याचा माज, त्याची शेवंता, त्याची पापं. पहिल्या भागात ज्याचा फक्त दरारा ऐकला होता तो माणूस प्रत्यक्ष दिसला, आणि माधव अभ्यंकरांनी असा उभा केला की पहिल्यापेक्षा दुसराच भाग लोकांच्या जास्त लक्षात राहिला. आठवणीत जी जागा रिकामी होती तिथे त्यांनी माणूस बसवला. भरलेल्या जागेवर दुसरा बसवायला गेलं की भांडण होतं, हे एकत्र कुटुंबात राहिलेल्या माणसाला सांगायला नको.

ब्रिटनमध्ये 'डॉक्टर हू' १९६३ला सुरू झाली, १९८९ला थांबली, २००५मध्ये परत आली आणि पुन्हा गाजली. तिथे तर नायकच दर काही वर्षांनी देह बदलतो, नागसेनाच्या ज्योतीसारखा. नवा नट आला की कुणी तक्रार करत नाही. म्हणजे करतात, पण बघतात.

आता 'चालतील का' याकडे येतो. आमचा अंदाज सांगतो, पटला नाही तर प्रश्नोत्तरांत भांडू. दूरदर्शनच्या साप्ताहिक काळातल्या मालिकांना आज संधी आहे, नंतरच्या दैनंदिन मालिकांना फारशी नाही. दूरदर्शन तेव्हा तेरा भागांच्या हिशेबानं मंजुरी द्यायचं. लेखकाला तेरा नाहीतर सव्वीस भागांत गोष्ट बसवावी लागे आणि संपवावीही लागे. आजची मुलं मोबाइलवर जे आठ-दहा भागांचं काही एका रात्रीत बघतात, त्याच्याशी हे माप जुळतं. 'मालगुडी डेज' आजही कुणाही मुलाला दाखवा, बसतो. 'चार दिवस सासूचे' ही मालिका तीन हजारांहून अधिक भाग चालली. तेव्हा तिनं घराघरांत संध्याकाळ भरली, तिची थट्टा आम्ही करणार नाही. पण आज ती पहिल्यापासून कोण बघणार? ती गोष्ट नव्हतीच, ती सोबत होती, आणि इतक्या वर्षांनी फीत लावून सोबत होत नाही.

पण हे सगळं बोलताना आपण एक धरून चाललो, की फीत आहे. ती आहे का? त्या काळात ध्वनिचित्रफीत महाग होती. कार्यक्रम दाखवून झाला की तीच फीत पुसायची आणि दुसरा कार्यक्रम तीवर घ्यायचा. हा काही फक्त आपला करंटेपणा नव्हे. बीबीसीनंही हेच केलं; 'डॉक्टर हू'चे सुरुवातीचे जवळजवळ शंभर भाग त्यामुळे गहाळ झाले. मग प्रेक्षकांनी टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर धरून घेतलेला आवाज कामी आला, आणि २०१३मध्ये काही भाग थेट नायजेरियात सापडले. आपल्याकडे 'चिमणराव'चे मोजके भाग आज बघायला मिळतात, तेवढ्यावर एवढी मोठी आठवण उभी आहे. याच शहरात १९६४पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. पी. के. नायर यांनी तिथे डबे जमवत आयुष्य घातलं, म्हणून प्रभातचे चित्रपट आपण बोलू शकतो. टेलिव्हिजनला असा नायर त्या वेळी मिळाला नाही. आता प्रसार भारती जुन्या फिती इंटरनेटवर आणते आहे, २०२४च्या नोव्हेंबरात तिचा 'वेव्हज' हा मंचही सुरू झाला. पण जे पुसलं गेलं ते कुठल्या मंचावर आणणार? आणि त्या मालिकांच्या संहिता तरी कुणाच्या माळ्यावर आहेत का, हे विचारायची माणसं आता आमच्या वयाची झाली.

दूरदर्शनला बोल लावून आम्ही मोकळे होणार होतो, पण घरच्यांनी आठवण करून दिली ती सांगतो. ऐंशीच्या दशकात 'स्वामी' लागायची. रणजित देसाईंची कादंबरी, माधवराव रवींद्र मंकणी, रमाबाई मृणाल देव. शनिवारवाडा आमच्या वाड्यापासून पाच मिनिटांवर, त्यामुळे ती मालिका आम्ही जवळजवळ शेजाऱ्याची बातमी ऐकावी तशी बघायचो. एका नातेवाइकांनी व्हीसीआर आणला होता. आम्ही कॅसेट देऊन एक भाग मुद्दाम रेकॉर्ड करून घेतला, वर शाईनं नावही घातलं.

गेल्या वर्षी माळा आवरताना ती कॅसेट सापडली. बुरशी धरलेली. तापकीर गल्लीत एक जण अजून अशा कॅसेट साफ करून देतात, त्यांच्याकडे नेली. दोन दिवसांनी दुकानातच लावून बघितली. पंधरा मिनिटं माधवराव, चित्र थरथरतंय, आवाज बुडतोय, पण आहेत. आणि मग एक पांढरी पट्टी, आणि एकदम मांडव, सनई, आणि आमच्या पुतण्याची मुंज. त्या दिवशी कोरी कॅसेट मिळाली नव्हती आणि 'ही घ्या' असं आम्हीच म्हणालो होतो, म्हणे.

पुतण्या आता पन्नाशीकडे झुकलाय, टोरांटोला असतो. त्याला कळवलं. त्यानं मुंजीचा भाग मागवून घेतला. मुलांबरोबर तीन वेळा बघितला म्हणाला. पहिल्या पंधरा मिनिटांचं विचारलं, तर म्हणाला, 'ते काय होतं, काका?'