शंभर विरुद्ध पाच

1960 च्या आसपास अमेरिकेतल्या एखाद्या मध्यम शहरात रात्री पेशंट घेऊन गेलं, तर अनेक हॉस्पिटलांत आधी दारावरची घंटा वाजवावी लागे. नर्स येऊन दार उघडायची, जखम बघायची आणि डॉक्टरांच्या घरी फोन लावायची. त्या रात्री पाळी कोणाची, यावर पेशंटचं नशीब ठरे. कधी त्वचारोगतज्ज्ञ यायचे, कधी मानसोपचारतज्ज्ञ. मोठ्या हॉस्पिटलात नुकताच पास झालेला इंटर्न एकटाच किल्ला लढवत असे. ‘इमर्जन्सी रूम’ हे नाव तेव्हा शब्दशः खरं होतं. विभाग कसला, ती एक खोली होती.

पेशंटला तिथवर आणणारी गाडी बऱ्याचदा शववाहिका असे. माणूस आडवा झोपवता येईल एवढी लांब गाडी गावात अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणाऱ्यांकडेच मिळायची. 1966 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंवर एक अहवाल काढला. देशातली सुमारे निम्मी अ‍ॅम्ब्युलन्स सेवा अशा 12,000 व्यावसायिकांच्या हाती असल्याचं त्यात नोंदवलं आहे. 1965 या एका वर्षात अपघातांनी 1,07,000 माणसं गेली होती, त्यांतली 49,000 वाहन अपघातांत. व्हिएतनामहून परतलेले जाणकार सांगत होते, की गंभीर जखमी झालेल्या माणसाला शहरातल्या रस्त्यापेक्षा रणभूमीवर वाचण्याची आशा जास्त आहे.

या अहवालाच्या पाच वर्षं आधी व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया शहरात जेम्स मिल्स नावाच्या डॉक्टरने आपली चालती प्रॅक्टिस बंद केली होती. तीन सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी हॉस्पिटलची इमर्जन्सी चोवीस तास सांभाळायला घेतली. बाकी काही करायचं नाही, एवढंच. त्या काळात व्यवसायातल्या लोकांना हे विचित्र वाटणं साहजिक होतं. नाव कमावलेला डॉक्टर कॅज्युअल्टीत का बसेल? पण ही पद्धत ‘अलेक्झांड्रिया प्लॅन’ म्हणून इतर शहरांत पोचली आणि हळूहळू देशात असे शे-दोनशे डॉक्टर तयार झाले. त्यांच्यापाशी कामाचा अनुभव भरपूर होता, पण शिकण्याची सोय नव्हती, पदवी नव्हती आणि व्यवसायात मानही नव्हता.

या डॉक्टरांचं एकटेपण मोडलं मिशिगनमध्ये. 16 ऑगस्ट 1968 रोजी लॅन्सिंग शहरात जॉन विगेनस्टाइन यांच्या पुढाकाराने आठ डॉक्टर जमले आणि त्यांनी ‘अमेरिकन कॉलेज ऑफ इमर्जन्सी फिजिशियन्स’ ही संघटना स्थापन केली. नावात कॉलेज असलं तरी वर्ग, इमारत काही नव्हतं. त्याच वर्षी तिकडे व्हर्जिनियात राइनाल्ड लाइडेलमायर यांनीही अशीच बैठक बोलावली. दोन संघटना उभ्या राहून भांडणं लागण्याचा धोका होता. विगेनस्टाइन स्वतः त्या बैठकीला गेले आणि दोन्ही प्रयत्न एकत्र आले. या चळवळीतला सगळ्यात शहाणपणाचा क्षण हाच म्हणायला हवा. पुढच्या वर्षी डेन्व्हरला पहिलं वैज्ञानिक अधिवेशन भरलं. 1970 मध्ये सिनसिनाटीत ब्रूस जॅनिअ‍ॅक हा या विषयाचा पहिला निवासी डॉक्टर झाला आणि 1972 मध्ये संघटनेने स्वतःचं नियतकालिक सुरू केलं.

खरी लढाई मात्र मान्यतेची होती. जुन्या शाखांचा आक्षेप सरळ होता: हृदयतज्ज्ञाला हृदय आहे, नेत्रतज्ज्ञाला डोळा आहे, तुमचं काय आहे? हॉस्पिटलच्या दाराजवळची जागा म्हणजे ज्ञानशाखा होत नाही. 1977 मध्ये वैद्यकीय विशेषज्ञतांच्या राष्ट्रीय मंडळापुढे प्रस्ताव आला आणि 100 विरुद्ध 5 मतांनी पडला.

संघटनेचं उत्तर होतं परीक्षा. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या शिक्षणतज्ज्ञांना हाताशी धरून या डॉक्टरांनी तोपर्यंत एक चाचणी बेतत आणली होती. तोंडी परीक्षेत उमेदवारासमोर परीक्षक बसे आणि तोच पेशंट होई. पन्नाशीचा माणूस आहे, छातीत दुखतंय, घाम फुटलाय, एवढं सांगून तो थांबे. रक्तदाब विचारला तर कळे, नाही विचारला तर नाही. उमेदवार चुकीच्या दिशेने गेला तर समोरचा ‘पेशंट’ खालावत जाई. मध्येच दुसरा पेशंट येई, मग तिसरा, आणि आधी कोणाकडे बघायचं हेही ठरवावं लागे. ‘तुमचं काय आहे’ या प्रश्नाचं उत्तर या टेबलावर मिळत होतं. निदान व्हायच्या आधी निर्णय घेणं, तेही एकाच वेळी अनेकांसाठी, हे या शाखेचं स्वतःचं ज्ञान होतं.

सप्टेंबर 1979 मध्ये मंडळाने मान्यता दिली. इमर्जन्सी मेडिसिन ही अमेरिकेतली तेविसावी विशेषज्ञता ठरली. त्यासाठी तडजोड करावी लागली, परीक्षा मंडळात इतर शाखांचे प्रतिनिधी घ्यावे लागले. पूर्ण स्वायत्तता यायला 1989 उजाडलं. मधल्या काळात, 1986 साली, अमेरिकन संसदेने कायदा केला: इमर्जन्सीत आलेल्या कोणालाही, पैसे असोत वा नसोत, आधी तपासून स्थिर केलंच पाहिजे. कायदा आला तेव्हा तो पाळू शकणारा प्रशिक्षित डॉक्टर दाराशी उभा होता.

आपल्याकडे हा क्रम उलटा झाला. स्कूटरवरच्या जखमी माणसाला जवळच्या हॉस्पिटलने परत पाठवलं आणि दुसरीकडे नेताना तो वाटेत दगावला, या घटनेवरून परमानंद कटारा खटला उभा राहिला. जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये बजावलं. हॉस्पिटलांना आदेश मिळाला, पण तो पेलणारी विशेषज्ञांची फळी देशात नव्हती. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर ‘सोसायटी फॉर इमर्जन्सी मेडिसिन, इंडिया’ उभी राहिली. पाठपुरावा आणि परिषदा होत राहिल्या आणि 2009 मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने या शाखेला मान्यता दिली. न्यायालयाचा आदेश आणि मान्यता यांत तब्बल वीस वर्षं गेली.

महाराष्ट्रात 2014 पासून 108 क्रमांकाच्या अ‍ॅम्ब्युलन्स सेवेच्या 937 गाड्या धावू लागल्या, त्यांतल्या 233 प्रगत जीवरक्षक यंत्रणा असलेल्या. गाडीत डॉक्टर असतो, हे या योजनेचं वैशिष्ट्य. पण गाडी शेवटी कुठल्या तरी कॅज्युअल्टीच्या दाराशीच थांबते. आपल्या घराजवळच्या हॉस्पिटलात रात्री दोन वाजता त्या दारामागे कोण असतं आणि त्याचं शिक्षण कशातलं आहे, हे वाचकांनी गरज पडायच्या आधी एकदा जाऊन विचारावं.