गेमिंगसाठी ब्रॉडबँड घेताय? स्पीडआधी पिंग बघा

३०० एमबीपीएसचा प्लॅन असूनही गेम का अडकतो? कारण खेळताना डेटा कमीच लागतो. बहुतेक गेम्सना १-२ एमबीपीएस पुरतात. महत्त्वाचा असतो पिंग, म्हणजे सिग्नल सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ.

फायबरमधून प्रकाश १ मिलिसेकंदात साधारण २०० किमी जातो. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे. नागपूरहून सुमारे ८०० किमी धरले, तर जाऊन-येऊन किमान ८ मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात २०-३० दिसला तरी मस्त. पण १०० दिसला, तर सिग्नल लांबून फिरून तरी येतोय किंवा वाटेत गर्दी तरी आहे. प्लॅन वाढवून हे सुटत नाही.

मग काय बघायचं?

- घरापर्यंत फायबर येत असेल तर तेच घ्या. ५जी वायरलेस कनेक्शनमध्ये पिंग जास्त वर-खाली होतो.
- त्याच कंपनीचं कनेक्शन असलेल्या शेजाऱ्याकडे रात्री ९ ते ११ या वेळेत गेममधला पिंग तपासा. दुपारच्या टेस्टवर जाऊ नका.
- पीसीला लॅन केबल लावा. मोबाईल ५ गिगाहर्ट्झ वाय-फायवर, राउटरच्याच खोलीत.
- आधी एका महिन्याचाच प्लॅन घ्या. वर्षभराचे पैसे भरले की कंपनी बदलणं अवघड जातं.