मांजरांनी माणसांना वाचवलं, मग मांजरांचं काय?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा लिखित मजकूर. आज लढाया नाहीत, राजे नाहीत. आज दोन छोट्याशा ग्रंथींचा इतिहास सांगायचाय, आणि सुरुवात करायचीय माझ्या घरातल्या बोक्यापासून.

गुंड्या तेव्हा १३ वर्षांचा होता. एके सकाळी बघतो तर मान खाली घालून बसलेला. हाक मारली की डोळे वर करून बघायचा, पण मान काही उचलेना. आई म्हणाली, "अरे, म्हातारा झालाय तो." पहिल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं आणि टॉनिक दिलं. तीन दिवसांनी त्याला सोफ्यावरही चढता येईना. मग दुसरीकडे नेलं. तिथल्या मॅडमनी रक्त तपासलं, पायाला लहानसा पट्टा गुंडाळून बीपी मोजलं. पोटॅशियम फारच कमी, बीपी फारच जास्त. सोनोग्राफीत डाव्या किडनीच्या शेजारी गाठ दिसली. "ॲड्रेनल ग्रंथीची गाठ आहे," त्या म्हणाल्या. "कॉन सिंड्रोम वाटतोय."

रात्री झोप येईना. मोबाइल घेऊन वाचत बसलो, आणि वाचता वाचता थेट सोळाव्या शतकातल्या रोममध्ये पोचलो.

तिथे १५६३ मध्ये बार्तोलोमेओ युस्ताकी या शरीरशास्त्रज्ञाने किडनीजवळच्या या ग्रंथींचं वर्णन केलं. पण त्या करतात काय? पुढची जवळजवळ तीनशे वर्षं कोणालाच नीट सांगता येईना. १८५५ मध्ये लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधल्या थॉमस ॲडिसनने ११ रुग्णांची हकिकत छापली. अंगातली ताकद जाते, वजन उतरतं, कातडी काळवंडते आणि माणूस मरतो. मेल्यावर शरीर उघडलं, तर या ग्रंथी बिघडलेल्या. पुढच्याच वर्षी ब्राऊन-सेकार याने प्राण्यांच्या ॲड्रेनल ग्रंथी काढून दाखवल्या. प्राणी मेले. म्हणजे या ग्रंथींशिवाय जगता येत नाही, एवढं तरी कळलं. उपाय मात्र शून्य.

आता मांजरं गोष्टीत येतात. १९११ मध्ये अमेरिकेत वॉल्टर कॅनन या शास्त्रज्ञाने मांजरासमोर भुंकणारा कुत्रा आणला आणि घाबरलेल्या मांजराचं रक्त तपासलं. त्या रक्तात ॲड्रेनल ग्रंथीचा स्राव वाढलेला होता. "लढ किंवा पळ" ही जी कल्पना आज आपण सहज वापरतो, ती कॅननच्या अशाच कामातून आली.

त्याहून मोठी गोष्ट घडली १९३० मध्ये, प्रिन्स्टनला. स्विंगल आणि फिफनर या दोघांनी मांजरांच्या दोन्ही ॲड्रेनल ग्रंथी काढल्या. एरवी अशी मांजरं काही दिवसांत मरायची. या दोघांनी गुरांच्या ग्रंथींच्या बाहेरच्या थरापासून अर्क बनवला आणि तो मांजरांना टोचला. मांजरं जगली. अर्क बंद केला की ढासळायची, पुन्हा दिला की उठून खायला लागायची. लगेचच मेयो क्लिनिकमध्ये तो अर्क ॲडिसनच्या रुग्णांना दिला गेला आणि मरणाच्या दारातली काही माणसं परत आली.

तिथून गाडी सुसाट सुटली. ग्रंथीतले हॉर्मोन्स एकेक करून वेगळे झाले. कॉर्टिसोन सापडलं, आणि या कामासाठी केंडॉल, राइखश्टाइन आणि हेंच यांना १९५० चं नोबेल मिळालं. १९५३ मध्ये आल्डोस्टेरॉन हाती लागलं. शरीरात मीठ धरून ठेवायचं आणि पोटॅशियम बाहेर टाकायचं, हे त्याचं काम. १९५५ मध्ये मिशिगनच्या जेरोम कॉनने ३४ वर्षांच्या एका बाईंची केस मांडली: स्नायू दुबळे, बीपी चढलेलं, पोटॅशियम घसरलेलं. ऑपरेशनमध्ये ॲड्रेनलची गाठ निघाली आणि बाई बऱ्या झाल्या.

अगदी गुंड्याचाच रिपोर्ट!

आणि मांजरांच्या स्वतःच्या आजाराचं काय? मांजरात नैसर्गिकपणे झालेल्या ॲडिसनची पहिली नोंद छापून आली १९८३ मध्ये. मांजरातल्या कॉन सिंड्रोमची पहिली नोंदही १९८३ चीच. ज्या मांजरांच्या जिवावर औषध सापडलं, त्यांच्या जातभाईंचं निदान व्हायला त्यानंतर ५३ वर्षं गेली. हे वाचलं तेव्हा गुंड्या माझ्या पायाशी झोपला होता. खरं सांगू? मला लाज वाटली.

का लागला एवढा वेळ? एक तर हे आजार मांजरांत कमी दिसतात. दुसरं, लक्षणं फसवी असतात. ॲडिसनमध्ये मांजर सुस्त होतं, खात नाही, वाळत जातं. बऱ्याचदा रक्तात सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त दिसतं, आणि किडनीचाच आजार वाटतो. खात्रीसाठी एसीटीएच टेस्ट करतात: ग्रंथीला जागं करणारं इंजेक्शन द्यायचं आणि कॉर्टिसोल वाढतं का ते बघायचं. उपचार म्हणजे आधी सलाइन, मग कमी पडणारे हॉर्मोन्स आयुष्यभर बाहेरून द्यायचे. सुधारायला मांजर कुत्र्यापेक्षा जास्त दिवस घेतं, म्हणून दुसऱ्याच दिवशी हाय खाऊ नका.

तिसरा भाऊ म्हणजे कुशिंग, म्हणजे कॉर्टिसोल जास्त. अशा बहुतेक मांजरांना डायबेटिसही असतो, आणि काहींची कातडी इतकी नाजूक होते की नुसतं उचललं तरी फाटते.

कॉनमध्ये गाठ पसरलेली नसेल तर ऑपरेशन हा सगळ्यात चांगला उपाय. पण गुंड्याची गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली होती. मॅडम स्पष्ट बोलल्या, "टेबलावरच जाऊ शकतो. निर्णय तुमचा." आम्ही गोळ्या निवडल्या: पोटॅशियम, आल्डोस्टेरॉनला अडवणारं स्पायरोनोलॅक्टोन आणि बीपीसाठी ॲम्लोडिपिन. आठवड्याभरात मान वर आली. पुढे तो १४ महिने जगला, त्यातले १३ मजेत. ऑपरेशन करायला हवं होतं का, हा प्रश्न आजही येतो. उत्तर माझ्याकडे नाही.

जाता जाता दोन गोष्टी. म्हाताऱ्या मांजराची मान पडली, किंवा ते अचानक आंधळं झालं, तर "वय झालं" यावर थांबू नका. पोटॅशियम आणि बीपी तपासायला सांगा. बीपीमुळे डोळ्याचा पडदा सुटू शकतो आणि तिथे तासांचा हिशोब असतो. दुसरं, मांजराला बरेच दिवस स्टिरॉइड चालू असेल तर मनाने एकदम बंद करू नका. बाहेरून आयतं मिळाल्यावर त्याच्या ग्रंथी आळसावतात, आणि मग ॲडिसनसारखीच गत होते.

तुमच्या मांजराचं असं काही झालं असेल तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर स्वतःला सांभाळा, आणि घरातल्या मनीलाही.