एक पत्ता, शंभर भाडेकरू: वेब-नकाशांच्या मर्यादेची गोष्ट

हॉटेलच्या वेबसाइटवर लाल टाचणीवाला नकाशा असतो, तुम्ही रोजच बघता. तो बहुतेक वेळा त्या वेबसाइटचा नसतोच, दुसऱ्याच्या सर्व्हरवरून मागवलेला असतो. आणि किती वेळा मागवायचा, यालाही मर्यादा असते. पण ही मर्यादा मोजायची कुणाच्या नावावर? आजची गोष्ट याच प्रश्नाची.

फेब्रुवारी २००५ मध्ये गूगल मॅप्स आलं. दोनच महिन्यांत पॉल रेडमाकर या प्रोग्रामरने त्याचा कोड उलगडून हाउसिंगमॅप्स ही साइट काढली. क्रेगलिस्टवरच्या भाड्याच्या घरांच्या जाहिराती थेट नकाशावर! परवानगी-बिरवानगी काही नाही. गूगलने भांडण काढलं नाही, उलट जूनमध्ये सगळ्यांसाठी अधिकृत एपीआय खुला केला. वेबसाइटच्या नावाने एक की घ्यायची, की नकाशा फुकट.

२००६ मध्ये त्यात जिओकोडिंग आलं, म्हणजे लिहिलेला पत्ता द्यायचा आणि अक्षांश-रेखांश घ्यायचे. २०१० च्या सुमारास तिसरी आवृत्ती रुळली आणि कीची सक्ती गेली. छान वाटतं ना? पण मग मोजणार कसं? तर आयपी पत्त्यावरून. एका पत्त्याला दिवसाला २,५०० विनंत्या.

खरी गोची इथे झाली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एचटीटीपी १.१ मध्ये एक नियम आला: कुठली वेबसाइट हवी, ते ब्राउझरने नावानिशी सांगायचं. त्यामुळे एकाच आयपीवर शेकडो वेबसाइट राहू लागल्या. हेच स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग. चाळीत वीजमीटर एकच असावा, तसं. शेजाऱ्याने सकाळीच २,५०० पत्ते शोधले, की तुमच्या पहिल्याच विनंतीला उत्तर यायचं, 'ओव्हर क्वेरी लिमिट'. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं.

यावर लोकांनी दोन तोडगे काढले. एक, विनंती सर्व्हरवरून पाठवायचीच नाही, पाहुण्याच्या ब्राउझरमधून पाठवायची. म्हणजे ती त्या पाहुण्याच्या आयपीवर मोजली जाते. दोन, एकदा मिळालेलं उत्तर जपून ठेवायचं. दुकान काही रोज जागा बदलत नाही, मग रोज तेच कशाला विचारायचं? पण इथेही अट आहे: गूगलकडून मिळालेले अक्षांश-रेखांश जास्तीत जास्त ३० दिवस साठवता येतात.

ऑक्टोबर २०११ मध्ये गूगलने नकाशा दाखवण्यावरही दर लावले. दिवसाला २५,००० वेळा फुकट, पुढे दर हजारी ४ डॉलर. मोठ्या साइट्स दुसरीकडे बघू लागल्या. फेब्रुवारी २०१२ मध्ये फोरस्क्वेअरची वेबसाइट ओपनस्ट्रीटमॅपवर गेली. हा नकाशा २००४ मध्ये स्टीव्ह कोस्टने ब्रिटनमध्ये सुरू केलेला, लोकांनी मिळून बनवलेला. जून २०१२ मध्ये गूगलचा दर ४ डॉलरवरून थेट ५० सेंटवर आला.

मग २०१८. आता की हवीच, आणि तिच्यामागे पेमेंट कार्डसुद्धा. महिन्याला २०० डॉलरपर्यंतचा वापर माफ होता. शेजाऱ्याचा त्रास संपला, कारण मीटर आता ज्याच्या-त्याच्या नावावर. पण ज्याने कार्ड जोडलं नाही, त्याच्या साइटवरचा नकाशा काळवंडला. आणि की चोरीला गेली, तर बिल मालकाच्याच नावावर! म्हणून कुठल्या साइटवर, कुठल्या सर्व्हरवरून ती चालेल, हे बांधून द्यावं लागतं.

'मग ओपनस्ट्रीटमॅप तर फुकटच आहे ना?' डेटा खुला आहे, हो. पण त्याची नॉमिनॅटिम ही पत्ताशोध सेवा देणगीवरच्या सर्व्हरवर चालते. तिथे नियम आहे: सेकंदाला जास्तीत जास्त एक विनंती, आपली ओळख सांगायची, उत्तर साठवून ठेवायचं. नकाशाखाली श्रेय द्यायलाही विसरायचं नाही.

ऑगस्ट २०२४ पासून गूगलने भारतासाठी दर ७० टक्क्यांपर्यंत उतरवले. दर असे चढतात, उतरतात, नियम बदलतात. यातलं काहीच आपल्या हातात नाही. एकच गोष्ट आहे: जे आधीच विचारलंय, ते पुन्हा विचारायचं नाही. छोट्या साइटची मर्यादा बऱ्याचदा तिथेच वाचते.

तुमच्या साइटवरचा नकाशा कुणाच्या मीटरवर चालतोय? आज एकदा बघाच. भेटू पुढच्या भागात!