वाड्याच्या पायाखाली

दोन दिवसांत पुणे दाखवायचे तर वाट ठरलेली असते. शनिवारी शनिवारवाडा आणि केळकर संग्रहालय, रविवारी पर्वती. इतिहासाचा प्राध्यापक म्हणून मीही विद्यार्थ्यांना याच वाटेने नेऊ लागलो. माझ्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. वाड्यांचे वैभव मला घरी कोणी सांगितलेले नव्हते. ते कागदांतून कळले, आणि कागद वाचत गेलो तशी ही वाट बदलत गेली.

शनिवारवाड्याचा पाया पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी घातला. आतला लाकडी महाल १८२८ च्या आगीत जळाला. तट, दिल्ली दरवाजा आणि जोती उरली. वाड्याला १६,११० रुपये खर्च आला, हे सर्वत्र छापलेले असते. पाया कोणी खणला, हे कोणी छापत नाही.

पुण्याच्या इमारतींच्या पायाविषयी एक लेखी साक्ष मात्र आहे. मुक्ता साळवे ही फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली चौदा वर्षांची मुलगी. मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त आला. आपल्या लोकांना हुसकावून मोठ्या इमारती उठवल्या गेल्या आणि त्यांच्या पायात माणसे पुरली गेली, असा आरोप तिने त्यात केला. तिने शनिवारवाड्याचे नाव घेतलेले नाही. मीही ते तिच्या तोंडी घालणार नाही. पण पेशवाई बुडून तेव्हा सदतीसच वर्षे झाली होती. तो काळ भोगलेली माणसे तिच्या वस्तीत हयात असणार. बखरीतली ऐकीव गोष्ट पुरावा ठरते आणि मांगवाड्यातली ऐकीव गोष्ट कांगावा ठरते, हा न्याय कोणत्या इतिहासशास्त्राचा?

केळकर संग्रहालय मला मनापासून आवडते. दिनकर केळकरांनी आयुष्यभर हिंडून दिवे, अडकित्ते, वाद्ये, कोरीव दरवाजे जमवले. १९७५ साली तो संग्रह शासनाकडे आला. तेथे मी विद्यार्थ्यांना एकच गोष्ट सांगतो. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू असे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे निर्मूलन' या भाषणग्रंथात नमूद केले. मडके फुटते, झाडू झिजतो, पितळेची समई टिकते. टिकाऊ वस्तू ज्यांच्या घरी होत्या, त्यांचे घर संग्रहालयात जाते. यात संग्राहकाचा दोष नाही. पण तेवढ्यालाच 'मराठी माणसाचे जीवन' म्हणणे हा आपला दोष आहे.

रविवारी पर्वती वगळून आम्ही गंज पेठेतल्या फुलेवाड्यात जातो. जोतीरावांनी आपला हौद १८६८ साली अस्पृश्यांना खुला केला, तो तिथे आहे. शनिवारवाड्यात पाय ओढणारी पोरे या हौदाशी रेंगाळतात. १८४८ साली मुलींची शाळा जिथे सुरू झाली तो भिडेवाडा आता पाहता येत नाही. स्मारकासाठी म्हणून ती जीर्ण वास्तू डिसेंबर २०२३ मध्ये पाडली गेली. तरी त्या जागेसमोर उभे राहून मी मुक्ताचा निबंध वाचून दाखवतो. पलीकडे दगडूशेठ गणपतीची गर्दी असते, म्हणून आवाज चढवून वाचावे लागते.