१,३१,७४६ बायका

मागच्या शनिवारी धर्माबादला घरी होतो. मिरचीचा सीझन, त्यामुळे गावभर ठसका. आई आणि शेजारच्या काकू हळू आवाजात कुणाबद्दल तरी बोलत होत्या. "लई दिवस अंगावरून जायचं म्हणे, तिनं दुखणं अंगावरच काढलं." मी आत गेलो आणि विषय बंद! गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर आमच्याकडे असाच कळतो, उशिरा आणि कुजबुजत.

रात्री लॅपटॉप उघडून वाचत बसलो.

हा रोग मुळात येतो कुठून, हे शंभराहून जास्त वर्षं कोडंच होतं. १८४२ मध्ये रिगोनी-स्टर्न या इटालियन डॉक्टरनं व्हेरोनातल्या मृत्यूच्या नोंदी चाळल्या, तर गर्भाशयाचा कॅन्सर नन्समध्ये फार कमी, लग्न झालेल्यांत जास्त. पण का? पुढे बराच काळ हर्पिसच्या विषाणूवर संशय होता (चुकीच्या मोड्यूलमध्ये बग शोधणारे सगळीकडे असतात). शेवटी १९८३-८४ मध्ये हाराल्ड त्सूर हाउसेन यांच्या टीमला गाठीच्या पेशींतच एचपीव्ही १६ आणि १८ सापडले. त्यांना २००८ चं नोबेल मिळालं.

ठीक. पण त्याचा खेड्यातल्या बाईला काय उपयोग? याचं उत्तर चक्क आपल्या मराठवाड्यातून आलं. धर्माबादहून लातूर ओलांडलं की उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव. १९९९ मध्ये टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी तिथल्या गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका. काही गटांत एचपीव्हीची टेस्ट, काहींत पॅप स्मिअर, काहींत व्हिनेगर लावून डोळ्यांनी तपासणी. चौथ्या भागात तपासणीच नाही. पॉझिटिव्ह आलेल्यांची दुर्बिणीनं पाहणी आणि लागेल तो उपचार.

आठ वर्षांचा हिशोब २००९ मध्ये छापून आला. तपासणी नसलेल्या गटात या कॅन्सरनं ६४ मृत्यू, एचपीव्हीच्या गटात ३४. आयुष्यात एकदाच केलेल्या टेस्टनं मृत्यू जवळपास निम्म्यावर! बाकी दोन पद्धतींत मात्र असा ठाम फरक दिसला नाही.

त्या ६४ वर मी बराच वेळ अडकलो. आपण ऑफिसात ए/बी टेस्ट करतो तेव्हा फार तर बटणाचा रंग बदलतो. इथं 'बी' मध्ये माणसं होती. त्यावरून पुढे बरीच टीकाही झाली. त्यांना माहिती दिली होती आणि एरवीही तपासणी मिळत नव्हतीच, हा युक्तिवाद मला कळतो. पचत नाही. पण तुलना नसती तर आकडा सिद्ध झाला नसता, हेही खरंच.

असो. रविवारी आईला टेस्टचं सांगितलं. ती ५१ ची आहे. "मला काय झालंय?" म्हणाली. म्हटलं, त्या बायकांनाही काही झालं नव्हतं.

पुढच्या महिन्यात नांदेडला नेतोय. बाबांना काय सांगायचं ते ती बघणार आहे.